समोरासमोरच्या दोन रांगा: लंडन ते साष्टी

१/ बीड जिल्ह्यातील तलवाडा हे त्वरितादेवीचे गाव. या मुलखात हरिनाम सप्ताह बसला की टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, मृदंगाच्या ठेक्यावर पुढे येतात, मागे सरतात. ही पावली मुले मोठ्यांच्या पायांकडे पाहून शिकतात. इंग्लंडमधील अशाच दोन रांगा मात्र आज एका पुस्तकामुळे ठाऊक आहेत.

२/ साल १६५१. राजा पहिला चार्ल्स याच्या शिरच्छेदाला दोन वर्षे झाली होती. त्या अस्वस्थ काळात लंडनचा प्रकाशक जॉन प्लेफर्ड याने ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ छापले. त्यात १०५ नृत्ये होती. प्रत्येकाची चाल आणि तिच्याखाली पावलांच्या सूचना.

३/ काही नृत्ये वर्तुळाची, काही चौकोनाची, काही लांब रांगांची: एकीकडे पुरुष, समोर स्त्रिया. अनेक नृत्यांचे टप्पे तीन. आधी हात धरून पुढे-मागे चालणे, मग जोडीदाराच्या बाजूला जाऊन परतणे, शेवटी हातात हात अडकवून फिरणे. ‘हे’ नावाच्या आकृतीत नर्तक एकमेकांच्या डाव्या-उजव्या बाजूने गुंफत जातात. गोफ विणणाऱ्यांची वाट आठवावी.

४/ लांब रांगेत एक आवर्तन संपले की पहिली जोडी एक जागा खाली सरकते आणि पुढच्या जोडीबरोबर तेच नाचते. वरची जागा मानाची खरी, पण ती कुणाकडेच टिकत नाही.

५/ सतराव्या शतकाच्या अखेरीस हे नृत्य फ्रान्समध्ये ‘काँत्रदाँस’ झाले, पुढे पोर्तुगालमध्ये ‘कोंत्रादान्सा’. एकोणिसाव्या शतकात गोव्यातील साष्टीच्या ख्रिस्ती घरांत मांडो बहरला. अभ्यासक त्याचे नाते याच नृत्याशी जोडतात.

६/ मांडोतही स्त्री-पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर येतात. पण शब्द कोकणी, व्हायोलिनच्या साथीला घुमट, स्त्रियांच्या हाती पंखा. लय संथ, सूर विरहाचा. हात धरणे गेले. जवळ येऊन दूर होणे तेवढे राहिले. मग द्रुत लयीचे दुलपद येते आणि पाय मोकळे होतात.

७/ इंग्लंडमध्ये ही नृत्ये मागे पडली. सेसिल शार्प यांनी खेड्यांतून नृत्ये टिपली, प्लेफर्डच्या सूचना वाचून जुनी उभी केली आणि १९११ साली त्यासाठी संस्था स्थापली. तरीही ‘बाजूला जाणे’ म्हणजे नेमके कसे, हे छापील ओळीतून कळेना. शार्प यांनी एक अर्थ लावला. नंतरच्या अभ्यासकांनी दुसरा.

८/ कागदाने आकृती राखली, पण पावलाची लकब निसटली. मांडोची लकब नाचणाऱ्यांनी राखली. पावलीचेही तसेच आहे: ती जाणत्यांच्या पायांत आहे. पुढच्या सप्ताहात एखाद्या वृद्ध टाळकऱ्याला पावलीचे प्रकार विचारावेत, लिहून घ्यावेत आणि वही मिटून त्यांच्या समोरच्या रांगेत उभे राहावे.