नाव कोणाचे, भार कोणावर

आमच्या जिंतूर तालुक्यात सातबाऱ्यावरचे नाव आणि शेतात राबणारा माणूस एकच असेल असे नाही. आजोबा निवर्तून वर्षे लोटतात, तरी उतारा त्यांच्याच नावे असतो. पीककर्जाची वेळ आली की मग धावाधाव होते. वारसांची नावे गाव नमुना ६-क मध्ये चढवायची, फेरफार घालायचा, मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित करायचा. परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाला हा क्रम शिकवावा लागत नाही. पुढे मुंबईच्या एका कचेरीत एएस/४०० या संगणकावर काम करताना हेच ज्ञान आमच्या कामी आले.

हे मध्यम आकाराचे यंत्र आयबीएम कंपनीने १९८८ साली बाजारात आणले. त्याचीच वंशज कार्यप्रणाली आज 'आयबीएम आय' म्हणून ओळखली जाते. तिच्यात प्रत्येक फाइलला, प्रत्येक प्रोग्रॅमला एक मालक असतो. बहुधा ती निर्माण करणाराच. प्रत्येकाच्या युजर प्रोफाइलमध्ये साठवणुकीची मर्यादा किलोबाइटमध्ये घालता येते. न घातल्यास ती अमर्याद असते. खुबी अशी, की फाइलने व्यापलेली जागा मालकाच्या खात्यावर पडते. ती भरणारे हात कोणाचे, याचा हिशेब यंत्र ठेवीत नाही.

एका महिनाअखेरीस पगाराचे काम रात्री मध्येच थांबले. साठवणुकीची मर्यादा संपली, असा संदेश आला. डिस्क पाहिली, तर निम्मी मोकळी. काम चालविणाऱ्याच्या प्रोफाइलला मर्यादाच नव्हती. मग मालक कोण ते पाहिले. आदल्या वर्षी देवाघरी गेलेले आमचे एक वडीलधारे सहकारी! त्यांचे प्रोफाइल बंद केले होते, पण त्यांनी निर्मिलेल्या फाइली त्यांच्याच नावे दरमहा फुगत होत्या.

त्या रात्री मर्यादा वाढवून पगार मार्गी लावले. लोकांच्या चुली थांबवून तत्त्वचर्चा करण्याची ती वेळ नव्हती. तथापि हा उपाय नव्हे, केवळ सवलत. दुसऱ्या दिवशी एका तरुणाने सुचविले, "आता ते प्रोफाइलच पुसून टाकू." आमच्या अंगावर काटा आला. मालमत्ता असलेले प्रोफाइल पुसण्यास यंत्र आपणहून नकार देते हे खरे. परंतु 'मालमत्तेसह पुसा' असाही पर्याय त्यात आहे. तो कोणी निवडला असता, तर पगाराच्या फाइली मृताबरोबरच गेल्या असत्या.

तिसरा पर्याय हस्तांतराचा. पण ते कोणाच्या नावे करावे? नव्या मालकाच्या खात्यावर तोच भार चढतो आणि तोही उद्या निवृत्त होणार, किंवा प्रभूकडे जाणार. म्हणून पासवर्ड नसलेले एक वेगळे प्रोफाइल उघडले. त्यातून कोणालाही यंत्रात शिरता येत नाही. मालकी सांभाळणे एवढेच त्याचे काम. वापरात असलेल्या फाइलीची मालकी बदलताना अडथळे येतात, म्हणून रविवारी मिस्सा आटोपून आम्ही कचेरीत गेलो आणि त्यांच्या नावची यादी काढली.

पगार, भविष्यनिर्वाह निधी, अर्धवट सोडलेले प्रोग्रॅम... आणि तळाशी एक लहानशी फाइल. खात्यातील मुलांची नावे होती. नाताळचा केक वाटताना कोणी राहू नये म्हणून त्यांनी ठेवलेली. पगाराशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. तीही आम्ही नव्या मालकाच्या नावे केली, आणि मगच त्यांचे प्रोफाइल पुसले.