गणपतीचें दूध

ता. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपति दूध पितो ही वार्ता देशभर पसरली, तेव्हां नागपूरजवळील बेसा येथील आमच्या देवघरांतही मातोश्रींनीं पितळी मूर्तीच्या सोंडेस चमचा लाविला. दूध खरोखरच कमी झालें! पृष्ठताणानें तें ओढलें जाऊन पातळ थरानें मूर्तीवरून उतरतें, हें दिल्लीच्या शास्त्रज्ञांनीं रंगीत दुधानें दाखविल्याचें कळतांच आम्हीं दुधांत कुंकू कालविलें. सोंडेखालून लाल ओघळ पाटावर आला. आम्ही जरा मोठ्यानेंच हंसलों, हें कबूल केलें पाहिजे. मातोश्रींनीं मुकाट्यानें पाट पुसला. "तूं परीक्षा घेतलीस रे, मी नैवेद्य दाखवीत होतें," इतकेंच त्या म्हणाल्या. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दुसरे दिवशीं नैवेद्याची वाटी नेहमींप्रमाणें देवापुढें होती. चमचा मात्र त्यांनीं स्वयंपाकघरांतच ठेविला होता.