डब्याला दोन भोकं

आमच्या न्हाणीच्या छपरावर 'बर्मा शेल' असं उलटं लिहिलेलं होतं. रॉकेलचे चौकोनी डबे उभे कापून, ठोकून सपाट करून आज्ज्यानं ते छप्पर केलं होतं. डोक्यावर पाणी घेताना नजर वर जायची, त्यामुळं इंग्रजी अक्षरांशी माझी पहिली ओळख खाली डोकं वर पाय अशीच झाली. असा डबा कुणी टाकून दिल्याचं मला आठवत नाही. तोंड कापून त्यात ज्वारी ठेवत, आडवी दांडी बसवून पाणी शेंदत, फुटका झाला की माती भरून तुळस लावत. चार गॅलनचा, म्हणजे अठरा लिटरचा हा डबा काहीही करू शकायचा. जमत नव्हतं ते एवढंच, की आतलं तेल न सांडता बाहेर द्यायचं. आणि त्याचा जन्म तर त्यासाठीच झालेला.

आमच्याकडं राकेल म्हणत, पुण्या-मुंबईकडं घासलेट. एकाच्या मुळाशी 'रॉक ऑइल' आणि दुसऱ्याच्या मुळाशी 'गॅसलाइट', हे फार उशिरा कळलं. आमच्या देगलुरात कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात राकेल आलं की दवंडी लागत नसे, गल्लीत वासच यायचा. टिपाड, टिपाडावर हातपंप, खाली पत्र्याची मापं आणि पहाटेपासून माणसांच्या जागी रांगेत उभे असलेले कॅन, बाटल्या, एखादा दगडसुद्धा. माय पाच लिटरचा कॅन हातात द्यायची. "लेकरा, हळू आण. सांडू नकू."

सांडायचं ते दुकानातच. माप नरसाळ्यात रिकामं झालं की राकेल खाली उतरायच्या ऐवजी काठोकाठ वर चढायचं, मग एकदम 'बुडुक' करून अर्धं आत आणि थोडं बाहेर. सांडलेलं गिऱ्हाइकाच्या खाती. दुकानदार मुद्दाम सांडतो, अशी माझी पक्की समजूत होती. तो मुद्दाम सांडत नव्हता. नरसाळ्याची नळी कॅनच्या तोंडात घट्ट बसायची आणि आतल्या हवेला बाहेर यायला फटच उरायची नाही. आता हे समजतं. पण सांडलेलं त्यानं कधी भरून दिलं नाही, हेही तितकंच खरं, त्यामुळं मी त्याला अर्धंच माफ केलंय. कॅनच्याच पिशवीत आणलेल्या कंट्रोलच्या गव्हाला मग राकेलचा वास लागायचा आणि आठवडाभर पोळीतून तो आम्हाला भेटायचा.

दिवेलागणीच्या आधी माय चिमण्या भरायला बसे. बाटलीतून चिमणीच्या बारीक तोंडात ओतताना ती बाटलीच्या ओठाला एक काडी टेकवायची, काडीचं दुसरं टोक चिमणीच्या आत. राकेल काडीला धरून शहाण्यासारखं खाली उतरायचं. काडी नसली की तेच राकेल बाटलीच्या अंगाला चिकटून ओघळत मनगटापर्यंत यायचं. पुढं देगलूर महाविद्यालयात रसायनाच्या प्रयोगशाळेत सरांनी चंचुपात्राला काचेची कांडी टेकवून द्रव ओतून दाखवला, तेव्हा वर्गात मी एकटाच हसलो. सरांनी कारण विचारलं. "माय चिमणी अशीच भरते" असं सांगायची लाज वाटली. ती लाज आजही अधूनमधून टोचते.

चहा किटलीच्या तोटीखालून ओघळतो तोही ह्याच घराण्यातला. सावकाश ओतलं की धार काठ सोडायला तयार नसते. काठ धारदार असला आणि धारेला जरा वेग दिला, की ती सुटते. हे गणित मांडणाऱ्या जोसेफ केलर आणि जाँ-मार्क व्हांडेन-ब्रूक ह्या दोघांना १९९९ साली इग-नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. मायला नुसतं हसू आलं असतं.

बापाचा मार्ग वेगळा होता. आमची विहीर लेंडी नदीच्या अलीकडं. लेंडीवर दोन राज्यांचं धरण होणार हे मी वाढता वाढता ऐकत आलो, पाणी मात्र आमच्या वावराला डिझेलच्या इंजिनानंच दिलं. डबा फोडताना बाप एका कोपऱ्यात छिन्नीनं तोंड पाडायचा आणि समोरच्या कोपऱ्यात नुसता खिळा ठोकायचा.

"दुसरं भोक कशाला पाडायलाव?"

"एकाच भोकानं डब्याचा दम कोंडतो."

एवढंच. ह्याच्यापुढं त्यानं कधी काही समजावलं नाही आणि मीही पुढं तीस वर्षं विज्ञानाचा मास्तर होऊन ह्याच्यापेक्षा बरं काही सांगू शकलो नाही. बाहेर जाणाऱ्या तेलाची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. तोंड एकच असलं तर दोघं आळीपाळीनं त्यातूनच ये-जा करतात आणि डबा उचकी लागल्यागत ओततो. दर उचकीला धार उडते, उडालेली धार पायावर. खिळ्याच्या भोकानं हवेला तिची वेगळी वाट मिळाली की धार दोरीसारखी सरळ पडते.

इंजिनाचा न्याय मात्र उलटा. टाकी कोरडी पडेपर्यंत चालू ठेवलं की पाइपात हवा शिरायची. "एअर धरलं," म्हणत बाप पाना घेऊन फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा, फेसाळ डिझेल वाहू द्यायचा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळायचा. डब्यात हवा गेली नाही तर तेल येत नाही, इंजिनात हवा गेली तर तेल जात नाही. हे मी नववीत असताना वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं, कशासाठी ते देव जाणे. एअर धरायला नको म्हणून मी एकदा चालत्या इंजिनात डिझेल ओतायला गेलो. डबा उचकला, दोन-तीन लिटर मातीत. मार खाल्ला तो विसरलो. पण विहिरीच्या कडेच्या त्या दोन हात जागेत कित्येक वर्षं हराळीसुद्धा उगवली नाही. हराळी काय चीज असते हे शेतकऱ्याला सांगायला नको.

त्या सांडण्यानंतर बाप मला पत्र्याचं काम करणाऱ्या एका चाचाकडं घेऊन गेला. बादल्या, कंदिलांच्या टाक्या, दुधाची मापं, सगळ्याला डाख देणारा माणूस. त्यानं बापाचं म्हणणं ऐकून घेतलं आणि नरसाळं करून दिलं. त्याच्या नळीला बाहेरून एक जाडसर तार उभी डाखलेली होती. मला वाटलं, मजबुतीसाठी. चाचा हसला. "नै रे. हवा कू रस्ता देव, तेल आपे आता." तारेमुळं नळी तोंडात घट्ट बसायचीच नाही. बाजूला फट राहायची आणि आतली हवा तिथून निघून जायची. कंट्रोलच्या दुकानातल्या सगळ्या भांडणांचं उत्तर ही वीतभर तार होती. नळीचं टोकही त्यानं सरळ कापलं नव्हतं, बोरूसारखं तिरकं कापलं होतं. शेवटचा थेंब टोकाला यायचा आणि तुटायचा. आत बारीक जाळी. पैसे किती घेतले ते आठवत नाही. बापानं घासाघीस केली नाही, हे आठवतं. ते नवल होतं.

राकेलची आठवण काढताना एक गोष्ट गिळून टाकता येत नाही. त्या वर्षांत पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी असायची: स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. कधी खरोखर भडका असायचा. पंप जास्त मारलेला, पिन अडकलेली, पेटत्या स्टोव्हमध्ये ओतलेलं राकेल. पण भडके सुनांच्याच वाट्याला का येतात, सासूच्या हातचा स्टोव्ह कसा कधी भडकत नाही, हे बायका पाणवठ्यावर विचारायच्या तेव्हा आम्हा पोरांना तिथून हाकलत. कायद्यात १९८३ साली सासरच्या छळाविरुद्ध ४९८-अ कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब. कॅन तोच, तोंड तेच. काही राकेल सांडलं नव्हतं, ओतलं होतं. गॅस आला तेव्हा माझ्या बहिणीनं स्टोव्ह भंगारात घातला, पितळेचा होता तरी किंमत न विचारता.

नोकरी लागल्यावर हैदराबादच्या रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडं मला हिरवट रंगाचा पत्र्याचा कॅन दिसला. वीस लिटरचा, चपटा, पाठीवर तीन मुठी, तोंडाला खटक्याचं झाकण. मिलिटरीचा असावा. नेऊन डिझेल भरलं, ओतलं आणि थक्क झालो. उचकी नाही. तोंडात डोकावलो तर आत एक बारीक नळी, हवेसाठी. बापाचा खिळा कुणीतरी कारखान्यात घडवला होता.

ह्याला जेरीकॅन म्हणतात. इंग्रज सोल्जर जर्मनांना 'जेरी' म्हणत, त्यावरून. जर्मनांनी तो १९३७ च्या सुमारास गुपचूप तयार केला. दोन अर्धुकं दाबून मधोमध जोडलेली. तीन मुठी अशासाठी, की भरलेला एकट्यानं मधल्या मुठीला धरावा, दोघांनी कडेच्या मुठी धराव्यात आणि रिकामे असले तर एका हातात दोन मावावेत. भरूनही वर थोडी हवा राहते, त्यामुळं पेट्रोल असलं तर पाण्यावर तरंगतो. आणि समोर इंग्रजांकडं उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात काय होतं? चार गॅलनचा पातळ पत्र्याचा चौकोनी डबा. आमच्या न्हाणीच्या छपराचाच भाऊबंद! ट्रकच्या हादऱ्यांनी त्याचे सांधे उसवत आणि लढाईचं इंधन वाटेवरच गळून जाई. जर्मनांचे कॅन हाती लागले तेव्हा इंग्रजांनी आपले डबे सोडून ते वापरायला घेतले. त्याच्याही आधी, १९३९ च्या उन्हाळ्यात, पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनिअर एका जर्मन सोबत्याबरोबर बर्लिनहून मोटारीनं भारताकडं निघाला होता. वाटेत पाण्यासाठी म्हणून सोबत्यानं टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातले तीन कॅन घेतले. सोबत्याला मध्येच परत बोलावलं गेलं आणि प्लाइस मोटार घेऊन एकटाच कलकत्त्याला पोचला. जर्मनांचं गुपित असं महायुद्धाच्या तोंडावर आपल्याकडं येऊन बसलं होतं, मोटारीत, पाण्याचं भांडं म्हणून.

माझा भाचा टेक्सासात असतो. त्याच्याकडं गेलो तेव्हा तो गवत कापायच्या यंत्रात पेट्रोल भरत होता. लाल प्लास्टिकचा कॅन, पिवळी तोटी, तोटीत स्प्रिंग. दाबून धरली तरच उघडते, सोडली की मिटते. २००९ पासून तिकडं असेच कॅन बनतात, कारण पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये असा नियम झाला. हेतू चांगलाच. पण वाफ जाऊ नये म्हणून दुसरं भोकच काढून टाकलं. हवा आणि पेट्रोल पुन्हा एकाच तोंडात गाठून दिले. दोन्ही हातांनी दाबता दाबता भाच्यानं चांगलं वाटीभर पेट्रोल हिरवळीवर सांडलं. न सांडणारा कॅन म्हणून तो विकत घेतला होता! बळीराजाच्या झारीत शिरून तोटी अडवणारा शुक्राचार्य मला त्या पिवळ्या नळकांड्यात स्पष्ट दिसला. वामनानं दर्भाची काडी घातली, तसा खिळा घालावा असं मनात आलं. "मामा, असलं काही करू नका," भाचा म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. पेट्रोल म्हणजे डिझेल नव्हे, त्याची वाफ ठिणगीची वाटच बघत असते. त्याला मी एवढंच दाखवलं, की चपटा कॅन ओतताना तोंड खालच्या अंगाला घेऊ नये, वरच्या अंगाला घ्यावं. तेल तोंडाच्या तळाशी राहतं आणि वरून हवेला वाट मिळते. इंजिन ऑइलच्या कॅनचं तोंड एका कडेला असतं ते ह्याच्याचसाठी, पण दहातली नऊ माणसं तो उलटा धरतात.

आता देगलुरात राकेलची रांग नाही. २०१६ ला गॅसची उज्ज्वला योजना आली आणि तिच्या आगेमागे कंट्रोलचं राकेल आटत गेलं. पण सांडणं गेलेलं नाही. फवारणीचा पंप पेट्रोलचा, गवत कापायचं यंत्र पेट्रोलचं. बांधाबांधावर पाण्याच्या नाहीतर थंड पेयाच्या बाटलीत पेट्रोल ठेवलेलं असतं, कुठं तर झाडाच्या फांदीला टांगलेलं. १९३४ चा पेट्रोलियम कायदा म्हणतो, विकायचं नसेल तर विनापरवाना तीस लिटरपर्यंत पेट्रोल बाळगता येतं, पण नीट बूच लावलेल्या भांड्यात. काच किंवा चिनीमातीचं असेल तर एका लिटरपर्यंत, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंत. प्लास्टिकचं नावच नाही. पोरांना हे सांगितलं की ती म्हणतात, सर, मास्तरकी सोडा आता.

घरात माझे सात कॅन आहेत. बायको म्हणते, आता एक पंप टाका. हिरवा जेरीकॅन गंजलाय, पण नळी मोकळी आहे. बापाचा खिळ्याचा डबा न्हाणीबरोबर गेला. चाचाच्या दुकानाच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. नरसाळं माझ्याकडं आहे. त्याची तार वरच्या टोकाला सुटलीये. डाख देणारा माणूस देगलुरात सापडला नाही, येत्या आठवड्यात उदगीरला जाऊन बघणार आहे. तुमच्या ओळखीचा कुणी असला तर कळवा.