दुबळ्या संघांचे रबर

टेबल टेनिसमध्ये दुबळ्या मानल्या गेलेल्या राष्ट्रांनी बलाढ्य राष्ट्रांना दिलेल्या धक्क्यांची कारणमीमांसा करू गेल्यास, वृत्तपत्रे ज्या जिद्दीचे गोडवे गातात तिच्यापेक्षा बॅटच्या लाकडावर चिकटवलेल्या काही मिलिमीटर जाडीच्या रबराला त्याचे श्रेय अधिक द्यावे लागते. आणि साठच्या दशकात अमरावती-अकोल्याच्या परिसरात वाढून पुढे आयुष्यभर या खेळाचा नाद बाळगलेल्या माणसाला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नाही, कारण त्याच्या हातातल्या बॅटवरचे रबर त्याच्या वयाबरोबरच बदलत गेले. शाळकरी वयात त्याच्या वाट्याला आली ती आखूड दाण्यांच्या रबराची, स्पंज नसलेली बॅट, जिच्यावर चेंडू आदळला की खणखणीत आवाज येई आणि फिरकी बेताचीच लागे. महाविद्यालयाच्या कॉमन रूममध्ये त्याने ‘सँडविच’ बॅट पाहिली, म्हणजे लाकूड आणि रबर यांच्यामध्ये स्पंजाचा थर असलेली, जिच्यातून चेंडू वेगाने आणि भरपूर फिरकी घेऊन सुटतो. पोक्त वयात त्याची गाठ पडली ‘लाँग पिंपल’ रबराशी, ज्याचे लांब व लवचिक दाणे चेंडू लागताच वाकतात आणि त्यामुळे प्रतिस्पर्ध्याने दिलेली फिरकी बव्हंशी उलटी होऊन त्याच्याच अंगावर येते.

बॅटच्या रबराच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग महाराष्ट्राच्या आजच्या राजधानीत घडला. फेब्रुवारी १९५२मध्ये आशियातली पहिली जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली, तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे मुंबईला जाणारी गाडी अकोल्यावरून आणि बडनेऱ्यावरून धावत असली, तरी इथल्या खेळाडूच्या दृष्टीने मुंबई हे परराज्यच होते. जागतिक स्पर्धेत जपान त्या वर्षी प्रथमच उतरला होता. हंगेरी, इंग्लंड, चेकोस्लोव्हाकिया या युरोपीय राष्ट्रांची या खेळावर पंचवीस वर्षांची मक्तेदारी होती आणि जपानचे खेळाडू त्यांच्या लेखी लिंबूटिंबू होते. त्यांतल्या हिरोजी सातो या चष्मा लावणाऱ्या खेळाडूच्या बॅटवर दाणेदार रबर नव्हतेच. होता तो केवळ जाड स्पंज. युरोपीय खेळाडू चेंडूचा वेग डोळ्यांइतकाच कानांनी जोखत, कारण दाणेदार रबरावरच्या आवाजावरून फटक्याचा जोर कळे. स्पंजावर मात्र चेंडू क्षणभर रुतून आवाज न करता बाहेर पडे, त्यामुळे मार्टी राइजमनसारखा अमेरिकेचा नावाजलेला खेळाडूही त्याच्यापुढे गोंधळून गेला. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून सातोने एकेरीचे विजेतेपद मिळवले. जपानच्या स्त्रियांनी सांघिक स्पर्धेचा कॉर्बिलॉन चषक जिंकला आणि पुरुष व महिला दुहेरीही जपानकडेच गेली. पुरुषांचा सांघिक स्वेथलिंग चषक तेवढा हंगेरीने राखला.

सातोचे नाव पुढे फारसे ऐकू आले नाही, आणि हीच या कथेतली महत्त्वाची बाब आहे. अपरिचित साधनाने मिळालेला विजय ते साधन अपरिचित असेपर्यंतच टिकतो. बलाढ्यांनी त्याचा अभ्यास केला की तो संपतो, किंवा नियम करणारे त्याला लगाम घालतात. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९५९मध्ये नुसत्या स्पंजाला बंदी केली आणि सँडविच रबराची जाडी चार मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली. १९८६पासून २०२१पर्यंत बॅटची एक बाजू लाल व दुसरी काळी असणे सक्तीचे होते, कारण त्यापूर्वी दोन्ही बाजूंना एकाच रंगाची परंतु भिन्न स्वभावाची रबरे लावून खेळाडू खेळताखेळता बॅट फिरवत आणि चेंडू कोणत्या रबरावरून आला हे समोरच्याला कळत नसे. सामन्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याची बॅट हातात घेऊन तपासण्याचा हक्क खेळाडूला आहे, त्यामागचे कारणही हेच. जपानने मात्र मुंबईच्या विजयानंतर केवळ स्पंजावर विसंबून न राहता तयारीची शिस्त उभी केली, १९५४ ते १९५९ या काळात पुरुषांचा सांघिक चषक ओळीने पाच वेळा जिंकला आणि मग स्वतःच बलाढ्य होऊन बसला. त्याला खाली खेचले ते चीनने, १९६१मध्ये, बीजिंगला.

भारताचे या खेळाशी नाते जुने आहे. १९२६मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना झाली तेव्हा संस्थापक सदस्यांत भारत होता. आणि पुरुषांच्या आंतरराज्य सांघिक स्पर्धेचा करंडक आजही बार्ना-बेलाक या नावाने दिला जातो, म्हणजे भारतातल्या राज्याराज्यांतली चुरस व्हिक्टर बार्ना आणि लास्लो बेलाक या दोन हंगेरियन खेळाडूंच्या नावे चालते, ही गंमत बहुतेक प्रेक्षकांच्या ध्यानातही येत नाही.

वऱ्हाडात या खेळाला जी परिस्थिती लाभली तिचा विचार केल्याशिवाय इथल्या प्रेक्षकाचा दुबळ्या संघाकडे असलेला ओढा समजत नाही. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो आणि टेबल टेनिसचा चेंडू जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा असतो, त्यामुळे पंखा लावला तर चेंडू भरकटतो, कूलर लावला तर टेबल दमट होते, आणि दोन्ही बंद ठेवले तर खेळाडूच्या घामाने बॅटची मूठ निसटू लागते. काळ्या मातीची धूळ दारे लावली तरी टेबलावर बसतेच. धुळीने आणि उष्णतेने रबराची पकड लवकर जाते, आणि दरवर्षी नवे रबर घेणे पगारदाराच्याही खिशाला परवडत नसे. याहून मोठी अडचण मात्र माणसांची होती. गावात गंभीरपणे खेळणारे मोजके, तेच वर्षानुवर्षे एकमेकांशी खेळणार, कोणाच्या बॅटला काय लावले आहे आणि तो अडचणीत कुठे चेंडू टाकतो हे प्रत्येकाला तोंडपाठ; परिणामी जिल्ह्यात अजिंक्य ठरलेला खेळाडू मुंबई-पुण्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत अशा एखाद्या रबरापुढे उभा राही, जे त्याने केवळ ऐकलेले असे. त्याचा पराभव मनगटाने होत नसे, सवयीने होत असे. अशा माणसाने सातोमध्ये, १९८९मध्ये डॉर्टमुंडला चीनला अंतिम सामन्यात ५-० असे धुऊन काढणाऱ्या स्वीडनमध्ये किंवा १९९१मध्ये चिबा येथे चीनच्या स्त्रियांना हरवणाऱ्या एकत्रित कोरियाच्या संघात आपली बाजू पाहावी, यात नवल नाही.

हा सवयीचा प्रश्न चीनने ज्या पद्धतीने सोडवला ती पद्धत या साऱ्या विषयाचे मर्म आहे. चीनच्या राष्ट्रीय शिबिरात असे सरावपटू ठेवले जातात की ज्यांचे काम स्वतः जिंकणे हे नसून परदेशी प्रतिस्पर्ध्याची शैली, त्याचे रबर, त्याची सर्व्हिस यांची हुबेहूब नक्कल करणे हे असते. म्हणजे दुबळ्या संघाकडे जे एकमेव शस्त्र असते, ते अपरिचितपण, बलाढ्य संघ आपल्या घरातच तयार करून बोथट करून टाकतो. ज्या गावात सरावाला चौघे मिळण्याची मारामार, तिथून पाहिले की ही श्रीमंती डोळ्यांत भरते.

तरीही रबराने भारताला गेल्या काही वर्षांत जे दिले ते थोडे नाही. २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांनी सिंगापूरला ३-१ असे हरवून सांघिक सुवर्ण मिळवले. हा खेळ राष्ट्रकुलात आल्यापासून ते सुवर्ण सिंगापूरखेरीज दुसऱ्या कोणाला मिळालेच नव्हते. त्या सामन्यात मनिका बत्राच्या बॅकहँडच्या लाँग पिंपल रबराने फेंग तियानवेईसारख्या मुरलेल्या खेळाडूला चकवले. त्याच स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या पुरुष संघात मुंबईचा सनिल शेट्टी होता. फेब्रुवारी २०२४मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत अयहिका मुखर्जीने जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या सुन यिंगशाला ३-१ असे नमवले, आणि तिच्या बॅटवर होते ‘अँटी स्पिन’ रबर, ज्याचा पृष्ठभाग इतका निसरडा असतो की आलेली फिरकी त्याला पकडताच येत नाही. श्रीजा अकुलाने वांग यिदीला सरळ तीन गेममध्ये हरवल्यावर भारत २-१ असा पुढे होता. शेवटी चीन ३-२ने जिंकला, आणि निर्णायक सामन्यात अयहिकाच वांग मान्यूकडून हरली. तेच निसरडे रबर एकाच लढतीत दुसऱ्यांदा चालले नाही.

वऱ्हाडी प्रेक्षकाच्या या पक्षपाताची खरी परीक्षा मात्र दुसऱ्याच खेळात होते. १९१४मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले, आणि या गोष्टीचा अभिमान जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. तिथे पराभवाचा प्रश्नच नव्हता, कारण समोर उभा राहील असा दुसरा देशच नव्हता. १९९०मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई खेळांत आली, तेव्हापासून २०१४पर्यंतची पुरुषांची सातही सुवर्णे भारताने घेतली, म्हणजे टेबल टेनिसमध्ये चीनचे जे स्थान आहे ते कबड्डीत भारताचे झाले. २०१८मध्ये जकार्ताला इराणच्या पुरुषांनी भारताला उपांत्य फेरीत २७-१८ असे आणि इराणच्या स्त्रियांनी अंतिम सामन्यात २७-२४ असे हरवले, तेव्हा टेबल टेनिसमध्ये आयुष्यभर दुबळ्यांच्या बाजूने टाळ्या वाजवणाऱ्या अनेकांना पंचांचे निर्णय खटकू लागले आणि आपल्या संघाच्या निवडीत दोष दिसू लागले. इराणच्या त्या महिला संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. त्यांनी भारतीय पद्धतीची कबड्डी इराणच्या मुलींना आतून शिकवली, आणि भारताची सवय हीच इराणची ताकद झाली. चीनचे सरावपटू जे काम करतात तेच इथे उलट्या दिशेने घडले. २०२३मध्ये हांगझोऊला भारतीय पुरुषांनी इराणकडून सुवर्ण परत मिळवले, पण ३३-२९ असा संपलेला तो अंतिम सामना नियमाच्या अर्थावरून बराच वेळ थांबला होता, आणि त्या विजयाला निर्विवाद म्हणता येत नाही. सातोच्या स्पंजाचे आणि अयहिकाच्या निसरड्या रबराचे कौतुक करणाऱ्याने जकार्ताचे इराणचे दोन्ही विजय त्याच तोलाचे मानले पाहिजेत. कबड्डीच्या आंतरराष्ट्रीय वाढीच्या दृष्टीने तर ते भारताच्या सात सुवर्णांपेक्षा अधिक मोलाचे आहेत.