लिचफिल्डची एका खोलीची शाळा

चि. ईशा,



अमेरिकेत कायद्याचं शिक्षण हार्वर्डपासून सुरू झालं, असं तू परवा फोनवर म्हणालीस. हार्वर्डचं लॉ स्कूल १८१७ चं. त्याआधीची गोष्ट तू राहतेस त्या कनेक्टिकटमध्येच घडली, म्हणून हे पत्र.

अठराव्या शतकात तिकडे वकील व्हायचं तर एखाद्या वकिलाकडे उमेदवारी करावी लागे. मुलगा वर फी भरून दिवसभर दस्तऐवजांच्या नकला उतरवायचा आणि उरल्या वेळात ब्लॅकस्टोनचे कायद्यावरचे ग्रंथ वाचायचा. शिकवण्याची हौस असलेला वकील भेटला तर ठीक, नाहीतर सगळी उमेदवारी कारकुनीतच जायची. १७७९ मध्ये व्हर्जिनियाच्या विल्यम अँड मेरी कॉलेजात जॉर्ज विथ कायद्याचे प्राध्यापक झाले. पण फक्त कायदाच शिकवणारी, लांबलांबच्या राज्यांतून मुलं यावीत अशी शाळा नावारूपाला आली ती तुझ्या कनेक्टिकटमधल्या लिचफिल्डमध्ये.

टॅपिंग रीव्ह हे तिथले वकील. त्यांचा मेहुणा आरन बर १७७४ मध्ये त्यांच्याकडे शिकू लागला. पुढे मुलं वाढली, घरात मावेनात, तेव्हा १७८४ मध्ये रीव्हनी शेजारीच एका खोलीची इमारत बांधली. ती आजही उभी आहे. विखुरलेला कायदा त्यांनी विषयवार लावला आणि क्रमाने शिकवला. त्यांचं खरं मोठेपण मला यात दिसतं. व्याख्यानाची टिपणं मुलं स्वच्छ अक्षरात उतरवून काढत आणि त्यांच्या वह्या बांधून घेत. कायद्याची पुस्तकं महाग आणि दुर्मीळ, त्यामुळे वकिली सुरू केल्यावर हाताशी असायच्या त्या याच वह्या. अभिरूप न्यायालयही भरे. १८३३ मध्ये शाळा बंद पडली, तोवर हजारावर मुलं तिथून बाहेर पडली होती.

आता रीव्हनी लढवलेल्या एका दाव्याबद्दल, म्हणजे बेटबद्दल. मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन ॲश्ली यांच्या घरी ती गुलाम होती. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असं राज्याच्या १७८० च्या संविधानात लिहिलं होतं. मग मी कशी नाही, हा प्रश्न घेऊन ती थेट थिओडोर सेजविक या वकिलांकडे गेली. सेजविकनी रीव्हना सोबत घेतलं. ब्रॉम नावाचा गुलामही दाव्यात होता. १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या ज्युरीने दोघांच्या बाजूने कौल दिला. बेटने मग एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं.

आणि याच रीव्हच्या शाळेत पुढे जॉन कॅल्हून शिकला. गुलामगिरी ही हितकारकच गोष्ट आहे, असं सिनेटमध्ये उभं राहून ठासून सांगणारा तो हाच. सार्वजनिक शाळांसाठी झटलेले होरेस मानही लिचफिल्डचेच विद्यार्थी. कायद्याची मांडणी रीव्हच्या शाळेने दोघांच्याही हाती दिली. बेटचा वकील होण्याची तळमळ मात्र कुठल्या वहीत उतरवून देता आली नाही. हे मला फार लागतं. तुमच्या वर्गात बेटचा दावा शिकवतात का, ते विचारून मला कळव.

तुझी,
आत्या