मुंबईची पत शिकागोत चालत नाही

घराचं कर्ज मुदतीआधी फेडलेल्या आणि आयुष्यात एकही हप्ता न थकवलेल्या माणसाला एका अमेरिकन बँकेने पाचशे डॉलरचं क्रेडिट कार्ड नाकारलं, हे प्रस्तुत लेखकाच्या मनातून अजून जात नाही. नोकरी होती, पगार डॉलरमध्ये होता, सोशल सिक्युरिटी नंबरही मिळालेला होता. पत्रात कारण एका ओळीचं: क्रेडिटचा इतिहास अपुरा.

मुंबईत त्याच माणसाचा सिबिल स्कोअर नऊशेपैकी आठशेच्या वर. आणि सिबिल आता कुणाची? ट्रान्सयुनियनची, जिचं मुख्यालय शिकागोत आहे. धाकट्या भावाकडची खातेवही थोरल्याने उघडायची नाही, असाच हा प्रकार. प्रत्येक देशाची नोंद त्या त्या देशाच्या कायद्याखाली वेगळी राहते, हे कारण पटण्यासारखं आहे. लेखकाला ते पटलंही. राग तरी गेला नाही.

अमेरिकेत पत मोजणारा फायको स्कोअर तयार व्हायला किमान सहा महिने जुनं एक तरी खातं लागतं. खातं नाही म्हणून स्कोअर नाही, स्कोअर नाही म्हणून खातं नाही. मग उरतं ते अनामतीचं कार्ड: आपलेच पाचशे डॉलर बँकेकडे ठेवायचे आणि तेवढेच बँकेने आपल्याला उधार द्यायचे. लेखकाने ते घेतलं. महिन्याचा किराणा त्यावर आणला, चारशेच्या आसपास. बिल आलं त्याच दिवशी पै न पै भरली. तरी पहिला स्कोअर हाती आला तो कमीच.

का? बँक शिल्लक कळवते ती बहुधा बिल तयार होण्याच्या दिवशीची. तुम्ही नंतर सगळं भरता, पण नोंदीत दिसतं ते एवढंच की पाचशेतले चारशे वापरलेत. फायकोमध्ये वेळेवर भरण्याला ३५ टक्के वजन आहे आणि किती उधारी अंगावर आहे याला ३० टक्के. एका पैशाचंही व्याज न लागलेला माणूस कागदावर गळ्यापर्यंत बुडालेला दिसतो! हे बँकेने कार्ड देताना सांगितलं नाही. सांगितलं ते तिथल्या मराठी मंडळातल्या एका मावशींनी, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत. “अरे, त्यावर फक्त गाडीचा गॅस भर. आणि बिल निघायच्या आधीच पैसे टाकून मोकळा हो.”

मावशींचा दुसरा सल्ला जास्त मोलाचा. स्कोअर झटपट वाढवून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागायचं नाही. काम करण्याआधी पैसे घ्यायला अशा लोकांना तिथल्या कायद्याची बंदीच आहे. सोशल सिक्युरिटीच्या जागी लिहायला नऊ आकडी ‘नवा नंबर’ कुणी विकत असेल, तर ती सरळ फसवणूक. घेणाराही त्यात अडकतो.

कार्ड नाकारल्याचा राग मनात घेऊनच पुढे सुट्टीत काशीला जाणं झालं. नारद घाटाला लागूनच राजा घाट. तो अमृतराव पेशव्यांचा. रघुनाथरावांचे हे दत्तक पुत्र १८०३ साली इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीशी करार करून वर्षाला सात लाखांची नेमणूक घेऊन पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडले, आणि त्यांनी काशीत व कर्वीत बस्तान बसवलं. परक्या मुलखात नव्याने आलेला माणूस, पण पत सोबत घेऊन आलेला. (सोबत फौज होती, हेही खरं.)

पण पेशव्यांचं सोडा. साध्या यात्रेकरूलाही थैली कमरेला बांधून नर्मदा ओलांडावी लागत नसे. पुण्यात सावकाराकडे रुपये भरायचे, हुंडणावळ मोजायची, हुंडी घ्यायची आणि काशीत त्याच्या आडत्याकडून रक्कम उचलायची. दर्शनी हुंडी असेल तर दाखवताक्षणी. हरवली तर पेठ म्हणजे दुसरी प्रत, तीही हरवली तर परपेठ म्हणजे तिसरी. पुण्याच्या सावकाराची सही काशीत ओळखली जात होती, आणि शिकागोला मुंबईतली आपलीच वही वाचता येत नाही! लेखक त्या पायऱ्यांवर चांगलाच तापला होता.

मात्र त्या पेढ्यांवर कुणाची ओळख चालत होती? जातीची, गावाची, सोयरिकीची. शिफारशीवाचून आलेल्या विधवेला किंवा महाराला कुणी दारात उभं केलं असतं? अमेरिकेत १९७४च्या कायद्याने बाई आहे किंवा लग्न झालेलं नाही म्हणून कर्ज नाकारणं बंद केलं. १९७६ साली त्यात वंश, धर्म, मूळ देश आले. लेखकाला नाकारणाऱ्या यंत्राने त्याचं आडनाव विचारात घेतलं नव्हतं. एवढं मान्य करायला हवं, आणि ते करताना जिवावर येतं.

२०१९पासून अमेरिकन एक्सप्रेस नोव्हा क्रेडिट या कंपनीमार्फत भारतातली नोंद बघू लागली आहे. म्हणजे अडचण यंत्राची नव्हतीच.

मध्यंतरी पुण्याहून आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, “काका, तुमच्या कार्डावर माझं नाव घालाल? माझाही इतिहास तयार होईल.” सोय कायदेशीर आहे, पण त्याने उधळलं तर बिल काकांचं. हुंडीचे गोडवे गाणाऱ्या लेखकाने दोन दिवस मागितले, बायकोशी बोलला, आणि मुलाला अनामतीच्या कार्डाचा अर्ज पाठवून दिला.