विनोदाचा नेम कुणावर?

खचलेला माणूस विनोद करत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी नाशकात द्राक्षाचा एखादा हंगाम काढून बघावा. माझ्याकडे समुपदेशनाला येणारे निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार बहुधा घरच्यांनी ओढून आणलेले असतात. अशा अनेकांचा मिळून हा एक. बसल्याबसल्या म्हणतो, "मॅडम, माल काढणीला आला की गारा आमच्याच बागेचा पत्ता विचारत येतात." तो हसतो, मीही हसते. थोड्या वेळाने म्हणतो, "आमच्या रानात बुजगावणं लागत नाही. मी उभा राहिलो की झालं, अक्कल सारखीच." पुन्हा हसतो. आता मात्र मी कान टवकारते.

पहिल्या विनोदाचा नेम संकटावर होता, दुसऱ्याचा स्वतःवर. रॉड मार्टिन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह 2003 साली विनोदाचे चार प्रकार मांडले. त्यातला स्वतःलाच हिणवणारा विनोद उदास मनाशी जोडलेला दिसतो. अडचणीतही गंमत शोधणारा त्याच्या उलट. आधी उदासी की आधी असला विनोद, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

उदास मनाची उडी लांब असते. 'बाग गेली'वरून ते थेट 'मी कामातून गेलो'वर पोचतं. किशोर फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना ओळखीचे झालेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस अशा विचारांची थट्टा करत. त्यावर गाणी रचून गात. थट्टा विचाराची, माणसाची नाही, हे पथ्य.

तेच पाळून मी त्या बागायतदारापुढे ठराव मांडते : "गारपीट झाल्याबद्दल सदर शेतकऱ्यास नालायक घोषित करण्यात येत आहे. सूचक कोण?" तो क्षणभर बघतो. "सूचक मीच... आणि अनुमोदकही मीच की!" हे हसू वेगळं असतं.

हाच ठराव पहिल्या भेटीत मांडला, तर तो क्रूरपणा होईल. आधी कर्ज, हप्ते, उडालेली झोप हे सगळं ऐकून घ्यायचं. आणि "आता आपलाच नंबर" असं कुणी हसत म्हणालं, तर विनोद तिथेच बंद. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारायचं, घरच्यांना सावध करायचं, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाची गाठ घालून द्यायची.

हसण्याने बाग परत येत नाही, बँकेचा हप्ताही टळत नाही. पण नालायकीचा ठराव बारगळला, की तोच माणूस पीकविम्याची कागदपत्रं कुठे ठेवलीत ते आठवायला लागतो. माझ्या धंद्यात एवढी प्रगती पुष्कळ झाली.